पुसलेले ओघळ

भिंतीवर टांगायच्या चित्रावरचे रंगाचे ओघळ पुसले, म्हणून अठरा वर्षं गणपतीचे डोळे आखणाऱ्या बाईच्या हातातून ब्रश काढून घ्यावा, हे तुम्हाला पटतं का?

उत्तराची घाई करू नका. तेव्हा मलाही नव्हती. ती पुसत होती तेव्हा मी दारात उभी होते, आणि तिला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

मी रोह्याची. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवले. आठवीत होते तेव्हापासून त्यांची प्रूफं तपासायला लागले. जिथे अन्याय होत असेल तिथे उभं राहून बोलायचं, आणि बोलताना कधी, कुठे, कोणासमोर हे नीट सांगायचं, हे मला वेगळं कोणी शिकवलं नाही. घरात सकाळ-संध्याकाळ तेच चालायचं.

मग कंपनी बंद करायचं ठरलं. कामगारांनी राजीनाम्याच्या कागदावर सह्या कराव्यात म्हणून गेटवर टेबल मांडलं गेलं. वडिलांनी पत्रक लिहिलं: सही करू नका. मी त्याची प्रूफं पाहिली आणि कॉलेज बुडवून ते गेटवर वाटलं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली. पहिल्या दहा जणांत त्यांचं नाव होतं. घरी आले, हातपाय धुतले, चहा मागितला. आईने दिला. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

राग आला असता तर बरं झालं असतं. रागाची मला सवय होती. पण दात काढताना भूल दिली की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसे माझे दिवस जायला लागले. स्टँडवर कोणी विचारलं, "काय गो, तुझ्या बाबांनीच सही केली ना?" की मी मान हलवायची आणि पुढे जायची. परीक्षेला बसले नाही. घरातली पत्रकं आईने बांधून माळ्यावर टाकली, तेव्हा मी स्टूल धरलं होतं.

आई शेवटी म्हणाली, "दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस. त्यापेक्षा मामाकडे जा. रंगाचं काम तरी शिकशील."

मामाचा पेणला गणपतीचा कारखाना. दिवाळी नुकतीच झाली होती. रोज सकाळच्या एसटीने मी नागोठणे, गडब करत पेणला जायला लागले. हायवेचं काम माझ्या लहानपणापासून चालू आहे, त्यामुळे कधी पोचणार ते ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. गडबला एक बाई चढायची. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. बसवर पेणची पाटी असली तरी ती पायरीवर पाय ठेवून कंडक्टरला विचारायची, "पेणलाच जाते ना?" मला वाटलं, तिला वाचता येत नसेल. दोन दिवसांनी कळलं, ती मामाच्याच कारखान्यात जाते. सगळे तिला काकी म्हणायचे. मीही म्हणू लागले, आणि माझ्या शेजारची सीट तिच्यासाठी धरून ठेवायला लागले.

काकी आखणी करायची. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात शेवटचं काम डोळ्यांचं. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, तिच्यावर पांढरा हात बसतो, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं होतं, आणि मग ती आखणीला जाते. बुबुळं, पापणीची रेघ, भुवया. त्यानंतर मूर्तीला कोणी हात लावत नाही. त्यामुळे आखणी करणाऱ्यावर एक जबाबदारी आपोआप येते. डोळे काढण्याआधी तो मूर्ती मुकुटापासून उंदरापर्यंत बघतो. कुठे रंग सुटला असेल, कुठे ओघळ आला असेल, तर गुपचूप नीट करतो. चूक कोणाची ते विचारत नाही, मालकाला सांगत नाही. मामाच्या कारखान्यात हा रिवाज होता, आणि कोणी तो नियम म्हणून कधी बोलून दाखवला नव्हता.

पण त्या गणपतीत काकीच्या दोन मूर्ती परत आल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने म्हटलं होतं, "बाप्पा आमच्याकडे बघत नाय, शेजारणीच्या दाराकडे बघतोय." सगळे हसले होते. मामा हसला नव्हता. मी तिथे जायला लागले त्या आठवड्यात तो सगळ्यांसमोर काकीला म्हणाला, "काकी, परदेशी जाणाऱ्या मूर्तींची आखणी सध्या मी दुसऱ्याकडून करून घेतो. तुम्ही आधी हे चित्रांचं काम बघा. ते नीट गेलं की ब्रश तुमचाच."

"माझाच हाय," काकी म्हणाली. "तू फक्त सांभाळायला ठेव."

चित्रांचं काम म्हणजे काय, ते सांगते. वडखळच्या पुढे, अलिबागच्या रस्त्याला, भाताच्या शेतात बारा बंगले उभे राहिले होते. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येणार. प्रत्येक बंगल्याच्या हॉलमध्ये तीन मोठी चित्रं लावायची होती. पनवेलचा एक इंटिरियरवाला त्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन आला. त्याची पँट गुडघ्यावर फाटलेली होती, मुद्दाम फाडलेली. आमचा गनवाला, म्हणजे स्प्रे गनने मूर्तींना अंगाचा रंग मारणारा, त्याला म्हणाला, "साहेब, बसा. सुई-दोरा हाय आमच्याकडे."

चित्रं अमेरिकेतल्या चित्रकारांची होती, सत्तरेक वर्षांपूर्वीची. अमूर्त. त्यांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. एकात काळे जाड फराटे. दुसऱ्यात दोन चौकोन, कडा धूसर, एकमेकांवर तरंगत असल्यासारखे. तिसऱ्यात वरच्या बाजूला विटकरी लाल रंगाचा रुंद पट्टा आणि त्यातून खाली आलेले लांब ओघळ, काही मध्येच थांबलेले, काही तळापर्यंत पोचलेले. या तिन्हींच्या अॅक्रिलिक रंगांत प्रत्येकी बारा नकला करून हव्या होत्या, कॅनव्हासवर, फोटोत आहे तशा.

गनवाल्याने फोटो बघितला आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक पुठ्ठा टेकवलेला असायचा. सकाळी गन सुरू केली की तो आधी त्या पुठ्ठ्यावर मारून बघायचा. पाच वर्षांचे सगळे रंग त्यावर बसले होते. "आयला, मी हा फुकट ठेवलाय इथे," तो म्हणाला.

मी मात्र मामाशी भांडले. भांडले म्हणजे शब्द तोंडातून आले, सवयीने. "दुसऱ्याचं चित्र उतरवून विकायचं? ज्याने काढलं त्याला विचारलंय का कोणी? ज्यांच्या शेतात बंगले उभे राहिले त्यांना तरी विचारलं का?"

मामा सुतळी गुंडाळत होता. "बाय, शेताचं मला नको विचारू, मी काय बिल्डर नाय. नकलेचं म्हणशील तर मी वर्षाला पाच हजार गणपती एका साच्यातून काढतो. बाप्पाने कधी तक्रार केली नाय."

यावर माझ्याकडे एरवी दहा मुद्दे असते. त्या दिवशी एकही उठला नाही. मी कॅनव्हासला पांढरा हात द्यायला बसले.

काळे फराटे मामाने स्वतः मारले, भिंतीला चुना मारायच्या ब्रशने. चौकोनांचं काम गनवाल्याने केलं. कडा धूसर करणं हा त्याचा हातखंडा होता. गणपतीच्या गालावरची लाली तो तशीच करायचा. कॅनव्हास मोठे, त्यामुळे जमिनीवर पसरून काम चालायचं, आणि पलीकडे जायचं तर वळसा घालावा लागायचा. मी एकदा सरळ ओलांडून गेले. काकी तोंडाने 'च्च' करून म्हणाली, "कामावरून पाय नाय टाकायचा."

"काकी, हे काय देव नाही."

"देव नाय, पण काम हाय ना?"

ही दोन्ही चित्रं आखणीच्या जागी, म्हणजे काकीच्या पाटापाशी, शेवटच्या नजरेला गेली. तिने कडेला उडालेले थेंब पुसले, एका चौकोनाचा उतरलेला कोपरा भरला. मामा बघून गेला, त्याला बरं वाटलेलं दिसलं. काकी त्या दिवशी बसमध्ये मला म्हणाली, "एक राहिलं. ते झालं की माझा ब्रश." ती असं म्हणाली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. हूं म्हटलं असेन.

तिसरं चित्र माझ्याकडे आलं. पट्टा रंगवणं सोपं होतं, ओघळांनी वैताग आणला. मूळ चित्रकाराने रंग पातळ केला असेल, कॅनव्हास उभा केला असेल आणि रंग जाईल तिकडे जाऊ दिला असेल. आम्हाला मात्र तो फोटोत गेला तिथेच जायला हवा होता. अपघात बारा वेळा जसाच्या तसा घडवायचा होता. शेवटी मामानेच युक्ती सांगितली. मूर्तीचे दागिने काढायला मेंदीच्या कोनासारखा कोन वापरतात, त्यात पातळ रंग भरायचा, पट्ट्याच्या खालच्या कडेला जिथे ओघळ सुरू होतो तिथे टोक टेकवायचं, आणि मोजून दाबायचं. जास्त दाबलं की ओघळ तळापर्यंत जातो, कमी दाबलं की मध्येच थांबतो. मी अर्धा दिवस वाया गेलेल्या पत्र्यावर सराव केला. दुसऱ्या दिवशी बारा कॅनव्हास भिंतीला ओळीने उभे केले आणि एका टोकाकडून ओघळ सोडत निघाले.

मामा तेव्हा परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या खोक्यांपाशी होता, रस्त्यापलीकडच्या गोदामात. गनवाला जेवायला घरी गेला होता. माझे बारा झाले. कोन आणि वाट्या धुवायला मी मागच्या नळावर गेले. अॅक्रिलिक लगेच वाळतो, भांडी घासून घासून काढावी लागतात, म्हणून मला वेळ लागला.

परत आले तर काकी ओल्या फडक्याने ओघळ पुसत होती.

मी दारात थांबले. तिची पाठ माझ्याकडे होती. ती भराभर काम करत होती, मूर्तीवरचा ओघळ वाळायच्या आत टिपायची तिची सवय. फडकं खालून वर, एकदाच. जे आधीच वाळले होते त्यांच्यावर ती मागच्या पिवळट रंगाचा हात देत होती. वाटीत तो रंग तिने नजरेने जुळवला होता. आठवा की नववा कॅनव्हास चालू होता. पुसलेल्या कॅनव्हासवर बघितलं तर तिथे ओघळ होता यावर माझाही विश्वास बसला नसता, इतकं ते नीट होतं.

तेवढ्यात माझ्या सगळं लक्षात आलं, एकदम. मोबाइलच्या पडद्यावर ओघळ केसाएवढे दिसायचे. काकीला ते दिसतच नव्हते. तिने फोटोत फक्त लाल पट्टा पाहिला होता. बसची पाटी तिला दिसत नव्हती. शेजारणीच्या दाराकडे बघणारा गणपतीही त्यातलाच. आणि कॅनव्हासवरचे बोटाएवढे ओघळ तिला दिसले, तेव्हा तिने समजायचं ते समजून घेतलं: नवीन मुलगी, रंग पातळ झाला, बारापैकी बारा बिघडवले. मामा यायच्या आत ती माझी चूक झाकत होती.

"काकी, थांबा." एवढंच म्हणायचं होतं. तीन कॅनव्हास तरी वाचले असते, बाकीचे मी संध्याकाळपर्यंत पुन्हा केले असते, आणि तिच्या डोळ्यांचं आम्ही दोघींनी मिळून काहीतरी बघितलं असतं. जिभेवर वाक्य होतं. ते बाहेर काढायला जे काही लागतं ते माझ्यात नव्हतं. मला वाईट वाटत नव्हतं, भीतीही नव्हती. मी बघत होते, जशी मी वडिलांना चहा पिताना बघत होते. मग मी मागे वळले आणि धुतलेल्या वाट्या पुन्हा धुतल्या.

आत गेले तेव्हा काकी पाटावर बसून डबा उघडत होती. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. "ये गो, बस," ती म्हणाली. "सगळं नीट हाय." मी तिच्या डब्यातलं जेवले.

संध्याकाळी गनवाल्याने बाराही चित्रं समोरासमोर ठेवून, मध्ये फोम घालून बांधली. ओघळ नाहीत हे त्याने पाहिलं होतं, पण त्याचं म्हणणं, "मला काय, असलं तरी सारखंच, नसलं तरी सारखंच." टेम्पो भरून गेला.

चौथ्या दिवशी इंटिरियरवाल्याचा फोन आला. मामाने स्पीकर लावला होता. "अहो, ड्रिप्स कुठेत? बारा बंगल्यांत लावून झाल्यावर बघतोय मी! खाली काहीच नाही, नुसती पट्टी. पेंट कंपनीचं शेडकार्ड आहे का हे?"

मामाने फोन ठेवला आणि आम्हाला गोळा केलं. आम्ही म्हणजे मी, काकी, गनवाला आणि घासकामाच्या दोघी. "ओघळ कोणी पुसले?"

मी नाही बोलले. मी ज्या घरात वाढले तिथे माणसं साहेबाच्या डोळ्यांत डोळे घालून "मी केलं" म्हणायची. मला ते दोन शब्द खोटेही बोलता आले असते. मी म्हटलं असतं की मीच पुसले, तर मामा मला काय करणार होता? फार तर ओरडला असता.

काकी म्हणाली, "मी पुसले भाऊ. पोरगी नवीन हाय, रंग पातळ झाला तिचा. तिला बोलू नको."

मग गनवाला हसायला लागला, त्याला आवरेना. "काकी! अहो, त्या ओघळांचेच तर पैसे होते!" घासकामाच्या दोघीही हसल्या. काकीही थोडी हसली, सगळे हसत होते म्हणून.

मामाने खिशातून मोबाइल काढला, फोटो लावला आणि तिच्यासमोर धरला. "काकी, यात काय दिसतंय?"

"लाल."

"आणि लालच्या खाली?"

तिने मोबाइल हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला, उजेडाकडे वळवला. पदराने पडदा पुसला. सगळ्यांचं हसू थांबलं होतं.

"खाली लाल संपतो," ती म्हणाली.

मामाने मोबाइल परत घेतला. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. त्याचा आवाजही चढला नाही. "डोळ्यांना काय झालंय काकी? कधीपासून?"

"वय झालंय, दुसरं काय."

"मग सांगायचं नाय का?"

"सांगितलं असतं तर ठेवला असतास का आखणीला?"

मामा म्हणाला, "घासकामाला या. रोज या. मी कुठे नको म्हणतोय?" काकीने पाटाखालचा ब्रशांचा डबा काढला. डबा कारखान्याचा होता, आत तिचे स्वतःचे तीन ब्रश होते, खारीच्या केसांचे, दांड्याला दोरा गुंडाळलेले. ते तिने पिशवीत घातले आणि डबा मामाच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी गडबला बस थांबली, पण ती चढली नाही, तेव्हा तिच्यासाठी धरलेली सीट मी सोडून दिली. त्यानंतरही ती कधी चढली नाही.

मला आणि गनवाल्याला मामाने बंगल्यांवर पाठवलं, कोन आणि रंगाच्या बाटल्या घेऊन. चित्रं उतरवायची, भिंतीला टेकवायची, ओघळ सोडायचे, वाळले की परत टांगायची. दिवसाला चार बंगले. पहिल्या तिन्हींत कोणी राहायला आलं नव्हतं. फरशीवर प्लास्टिक, खिडकीबाहेर भाताची वाळलेली धसकटं. मी फोटो बघून दाबत होते, ओघळ जात होते. हात सफाईने चालत होता. मला वाटतं, मी इतकं बिनचूक काम आधी कधी केलं नव्हतं.

चौथ्या बंगल्यात एक बाई राहायला आल्या होत्या. आम्ही चित्राला हात लावला तशा त्या स्वयंपाकघरातून आल्या. "काय करताय? मला आवडलंय ते."

गनवाल्याने समजावलं, "मॅडम, यात ओघळ टाकायचे राहिलेत. ओरिजिनलमध्ये हायत."

"ओघळ? भिंतीवर? पावसाळ्यात छताला येतात तेवढे पुरेत," त्या म्हणाल्या. "स्वच्छ काम आहे, असू द्या. कोणी केलंय?"

गनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोन पिशवीत टाकला आणि म्हटलं, "कारखान्यात केलंय." तेवढंच. ते एक चित्र तसंच राहिलं. बाकीच्या अकरांत आता ओघळ आहेत. इंटिरियरवाला खूश झाला, त्याने मामाला पुढचं काम दिलं. कारखान्यात कोणी काही सांडलं की अजून म्हणतात, "थांब, काकीला बोलव." पेणच्या इतर कारखान्यांतही हा किस्सा गेला. लोक तो चहाबरोबर सांगतात.

मी मामाला सांगितलं, पण महिन्याने. "मी पाहिलं होतं तिला पुसताना." तो साच्यात प्लास्टरबरोबर घालायचा काथ्या पिंजत होता. "मग बोलली का नाहीस?" तो वाट बघत थांबला. मग त्याने पुन्हा काथ्या पिंजायला घेतला.

गडबला मी त्यानंतर गेले. काकी अंगणात बसून सुपात वाल निवडत होती. तोवर तिच्या मुलीने तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं होतं. शेजारच्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, म्हणून काकी इतकी वर्षं घाबरत होती. आता डोळ्यावर काळा चष्मा होता. तिने मला लांबूनच ओळखलं. "बारीक झालीस गो," म्हणाली. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू दारात होतीस ना? तुझ्या चपला वाजल्या होत्या."

मी हो म्हटलं.

"तू बघून गप्प परत गेलीस. मला वाटलं, मी बरोबर करतेय."

तिने हे रागाने म्हटलं नाही. सुपातला एक किडका वाल काढून बाजूला टाकला. मी तिच्यासमोर बसले होते आणि मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिच्याबरोबर वाल निवडायला लागले. सूप संपेपर्यंत आम्ही दोघी निवडत होतो.

आता तिचा दुसरा डोळाही झाला आहे. तिने मला तांदळाच्या दाण्यावर रेघ मारून दाखवली. पण आखणीसाठी तिला कोणी बोलावत नाही. मामाकडे आता दुसरा माणूस बसतो आणि तो चांगलं काम करतो. बाकीचे कारखानदार म्हणतात, नजर गेलेली बाई. गेली होती, आता आली आहे, हे मी त्यांच्यापैकी तिघांना स्वतः जाऊन सांगितलं. तिघांनी चहा दिला आणि ओघळांचा किस्सा मलाच पुन्हा ऐकवला.

म्हणून हे लिहायला बसले. लिहिलेलं आधी वडिलांना दाखवलं. सही केल्यापासून त्यांनी कशाची प्रूफं पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन सगळं वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला. सहीबद्दल लिहिलंय त्या ओळींपाशी पेन्सिल बराच वेळ थांबली होती. तिथे त्यांनी काहीच खोडलं नाही.

"फार लांब झालंय," ते म्हणाले. "आणि हे कोणाविरुद्ध आहे?"

"तसं कोणाविरुद्ध नाही."

"मग मागणी काय? वाचणाऱ्याने करायचं काय, ते कुठेच नाही यात."

ते बरोबर होतं. तर मागणी अशी आहे. यंदा पेणला मूर्ती ठरवायला जाल, तेव्हा मुकुट आणि पितांबर पसंत करून लगेच होकार देऊ नका. कारखान्याच्या मालकाला सांगा, याचे डोळे गडबच्या काकींच्या हातचे हवेत. नाव विचारलं तर ओघळ पुसणाऱ्या काकी म्हणा, सगळ्यांना कळेल. तो हसेल, किस्सा सांगायला लागेल. ऐकून घ्या आणि पुन्हा तेच सांगा. आखणीच्या आधी सांगा, कारण एकदा डोळे काढले की मूर्तीला कोणी हात लावत नाही.